आतून घुसला हे दिसलं, पण वळला असता का? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकल रेसच्या सगळ्यात वरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या, मंडालिकातल्या धडकेवर फक्त चार ओळी लिहिल्या होत्या. ऑक्टोबर २०२५, इंडोनेशिया, पहिलीच लॅप, बेझेकी मागून येऊन मार्केझला धडकला, आदल्याच रविवारी मोटेगीत वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या माणसाच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं आणि त्याचा उरलेला सीझन तिथंच संपला. मी म्हटलं होतं की बेझेकीची चूक होती, पण गुंडगिरी नव्हती. झालं, तेवढ्यावर लोक असे तुटून पडलेत की संपादक म्हणाले या महिन्याचा अख्खा कॉलम त्यालाच द्या. त्यामुळे कार्बोरेटर आणि इंजिन ऑइलवाल्या मंडळींनी एवढ्या वेळी सांभाळून घ्या.

प्रश्न : काका, आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. मोठा भाऊ रॉसीवाला, मी मार्केझवाला. त्याचं म्हणणं, रॉसीनं २००५ ला स्पेनच्या हेरेझ ट्रॅकला शेवटच्या वळणावर जिबरनावला ठोकलं ते 'रेसिंग' आणि मार्केझनं २०१३ ला त्याच वळणावर लॉरेन्झोला ठोकलं ते 'घाण रायडिंग'. वळण तेच, लॅप पण शेवटचीच, मग फरक काय? पैज लागलीय, जेवण कोण देणार ते सांगा. (एक मार्केझवाला, इस्लामपूर)

भावा, आधी कबुली देतो, मी पण रॉसीवाला. गॅरेजच्या शटरला आतल्या बाजूनं रॉसीच्या ४६ नंबरचा स्टिकर अजून आहे, पिवळा होता, आता ग्रीसचे हात लागून लागून कुठला रंग ते सांगता येत नाही. म्हणजे माझ्याकडं निकाल मागणं म्हणजे मामाकडं भाच्याची तक्रार नेण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो.

२००५ चं पहिलं. सीझनची पहिली रेस, जिबरनावचा देश, त्याचीच माणसं स्टँडमध्ये, शेवटचं डावं वळण आणि तो पुढं. त्यानं आतली बाजू पूर्ण झाकली नाही, थोडी फट ठेवली, आणि रॉसीला फट दिसली की तो विचार करायला थांबत नसे. तो आत शिरला, जिबरनाव त्याच्या नेहमीच्या लाइननं वळायला लागला, दोघं एकाच जागेवर पोचले, दण्णकन धडक, जिबरनाव ग्रॅव्हलमध्ये, रॉसी पहिला. जिबरनाव पडला नाही हे त्याचं कसब, खडीतून गाडी काढून पण दुसरा आला. नंतर खांदा धरून उभा होता आणि रॉसीला पोडियमवर त्या पब्लिकनं हुर्यो केलं. शिक्षा शून्य. जिबरनाव त्यानंतर एकही ग्रांप्री जिंकला नाही, त्याचा शेवटचा विजय त्याआधीचा, २००४ चा कतारचा.

आता २०१३. त्या वळणाला त्याच वीकेंडला लॉरेन्झोचं नाव दिलेलं, म्हणजे बघा, स्वतःच्या नावाच्या वळणावर शेवटच्या लॅपला वीस वर्षांच्या नवख्या पोरानं त्याला बाहेर ढकललं. इथं पहिल्या नंबरसाठी नव्हतं हं, रेस पेद्रोसा जिंकून मोकळा झाला होता, ही मारामारी दुसऱ्या नंबरची. मार्केझ दुसरा, लॉरेन्झो तिसरा. लॉरेन्झोनं हात मिळवला नाही, नुसतं बोट हलवून दाखवलं. यालाही शिक्षा शून्य.

मी अशा वेळी एकच गोष्ट बघतो. रिप्ले लावायचा, स्लो करायचा, आणि मनातल्या मनात पुढच्या गाडीला चित्रातून पुसून टाकायचं. आता मागनं आलेला एकटाच आहे. तो त्या स्पीडला, त्या अँगलला वळण घेऊन ट्रॅकवर राहिला असता का? राहिला असता तर तो ओव्हरटेक. राहिला नसता, म्हणजे समोरच्याला भिंत समजून त्याच्यावर टेकून वळला, तर ती घुसखोरी, मग चाहता कुणाचा का असेना. टच झाला की नाही यावरून काही ठरत नाही. टच न होता पण घाण काम करता येतं आणि दोघांचे कोपर घासून पण एकदम शुद्ध पास होतो.

या हिशोबानं खरं सांगू का, २००५ मध्ये जिबरनावचा खांदा नसता तर आमचा माणूस बराच बाहेर गेला असता असं मला आज वाटतं. तेव्हा नव्हतं वाटत. तेव्हा मी मित्राच्या घरी केबलवर बघत होतो आणि खुर्ची मोडेपर्यंत नाचलो होतो. आणि मार्केझचं २०१३ चं म्हणशील तर तेही त्याच तराजूत, किंचित जास्तच उशिरा आलेला पोरगा. म्हणजे दोन्ही सारखे. जेवण अर्धं अर्धं द्या, पण मटण असेल तर भावाला सत्तर टक्के लाव, कारण एकाला रेसिंग आणि दुसऱ्याला घाण म्हणायचं ढोंग त्याचं आहे.

आणि अजून एक, तुझ्या भावाला २००८ चं अमेरिकेतलं लगुना सेका विचार. कॉर्कस्क्रू नावाच्या वळणाला, जिथं ट्रॅक एकदम पाच मजली बिल्डिंगवरून उतरल्यासारखा खाली जातो, तिथं रॉसी स्टोनरच्या आतून गेला, गाडी चक्क ट्रॅक सोडून आतल्या धुळीत गेली आणि उड्या मारत परत पुढं आली. जगातला सगळ्यात भारी ओव्हरटेक म्हणून त्याचे पोस्टर छापले. २०१३ ला त्याच जागी मार्केझनं तसंच, धुळीतनंच, रॉसीला मागं टाकलं. पुढच्याला पुसून बघ, दोघंही ट्रॅकवर राहिले नसते, राहिलेच नाहीत! आजच्या नियमात ट्रॅक सोडून घेतलेली जागा परत द्यायला लावतात. मला मात्र ते दोन्ही पास अजून आवडतात आणि का आवडतात याला माझ्याकडं कारण नाही. असो.

प्रश्न : सर मी नववीत आहे. कमेंटेटर सारखं म्हणतात 'लेट ब्रेकिंग'. उशिरा ब्रेक मारला तर सगळेच उशिरा का मारत नाहीत? (पनवेल)

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर नीट कळलं तर निम्मी भांडणं मिटतील.

मोटोजीपीची गाडी मुजेलोसारख्या ट्रॅकवर सरळ पट्ट्याच्या टोकाला ३५० च्या आसपास जाते आणि पहिल्या वळणाला तिला शंभरच्या खाली यायचं असतं. यासाठी साधारण ३०० मीटर आणि सहाएक सेकंद मिळतात. त्या सहा सेकंदात मागचं चाक जवळजवळ हवेत, सगळा भार पुढच्या एका टायरवर, आणि त्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. प्रत्येकाचा ब्रेकिंग पॉइंट आधीच त्या टोकाला असतो. तू दहा मीटर उशिरा ब्रेक मारलास तर ते दहा मीटर कुठंतरी फेडावे लागतात, म्हणजे तू वळणाच्या आतल्या टोकाला, ज्याला अपेक्स म्हणतात, जास्त स्पीडनं पोचतोस आणि मग बाहेर वाहत जातोस.

म्हणून आतून घुसणं हे सोपं, घुसून थांबणं अवघड. याचं उदाहरण ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगचं, दोन वर्षांच्या अंतरानं घडलेलं, तेच वळण, तीच दोन माणसं. २०१७, शेवटच्या लॅपचं शेवटचं उजवं वळण, डोविझिओसो पुढं, मार्केझ आतून अक्षरशः फेकल्यासारखा आला, पुढं गेला पण थांबला नाही, वाहत बाहेर गेला. डोवी काय करत होता? काहीच नाही. त्यानं गाडी हळू केली, मार्केझला समोरून जाऊ दिलं, आणि त्याच्या मागून आतली लाइन कापून निघून गेला. ०.१७६ सेकंदानं जिंकला. मग २०१९, आता मार्केझ पुढं आणि डोवी मागं, आणि डोवी तसाच आत शिरला. पण हा वळला! गाडी त्यानं आत धरून ठेवली, मार्केझला बाहेरच्या बाजूला जागा उरली, मार्केझ ना पडला ना ग्रॅव्हलमध्ये गेला, फक्त हरला, ०.२१३ सेकंदानं. मी ते दोन रिप्ले पाठोपाठ लावून गॅरेजमधल्या पोरांना दाखवतो. पहिल्यात घाई आहे, दुसऱ्यात मापात मारलेली उडी.

आता यात एक गोम आहे जी टीव्हीवर दिसत नाही. तू कुणाच्या अगदी मागं असलास तर समोरची गाडी हवा कापते, तुला हवेचा विरोध कमी, म्हणून सरळ रस्त्यावर फायदा. याला स्लिपस्ट्रीम म्हणतात हे तुला माहीतच असेल. पण ब्रेक मारताना तीच हवा मदतीला नसते. एरवी माणूस पडदा उघडल्यासारखा अंग वर करतो, छातीवर वारा घेतो, गाडी हळू होते. पुढच्याच्या मागं तो वारा मिळतच नाही, आणि कालच्या जागीच ब्रेक मारला तरी गाडी पुढं ओढल्यासारखी जात राहते. वर परत गरम हवेत पुढचा टायर तापतो, त्यातला दाब वाढतो, पकड कमी होते. म्हणून बऱ्याच वेळा जो मागून येऊन आदळतो तो मूर्ख नसतो, त्याचा अंदाज फसलेला असतो. चूक त्याचीच धरतात, धरायलाच पाहिजे, पण चूक आणि हलकटपणा यात फरक करा एवढंच माझं म्हणणं गेल्या अंकात होतं. बेझेकीला पुढच्या रेसला, फिलिप आयलंडला, दोन लाँग लॅपची शिक्षा झाली, म्हणजे ट्रॅकच्या बाहेरून काढलेल्या लांबच्या वळशातून दोनदा जायचं, दर वेळी दोन-तीन सेकंद गेले. मला ते बरोबर वाटलं. त्यानं माफी मागितली, मार्केझनं ती घेतली, आणि भांडतोय कोण तर आपण.

प्रश्न : पिवळा झेंडा असताना पुढचा स्वतःच स्लो झाला तर ओव्हरटेक चालतो का? (एक वाचक, सोलापूर)

नाही. पिवळा हलतोय म्हणजे पुढं कुणीतरी पडलंय आणि बहुतेक एखादा मार्शल ट्रॅकवर वाकून गाडी उचलतोय. चुकून गेलासच तर हात वर करून जागा परत दे. मी दोन वर्षं झेंडा घेऊन उभा राहिलोय, त्या वेळी पाठीमागून येणाऱ्या इंजिनाचा आवाज कमी होतोय का वाढतोय एवढंच कान ऐकत असतात.

प्रश्न : तुमचं 'पुसून बघा' वगैरे ठीक आहे, पण मनात काय होतं ते कसं ओळखणार? २०१५ ला मलेशियात सेपांगला रॉसीनं मार्केझला लाथ घातली ती मुद्दाम की चुकून? आणि तुम्ही रॉसीवाले असल्यामुळं यावर नेहमी गप्प बसता हेही छापा. (ठाणे)

छापलं.

मनातलं ओळखता येत नाही, आणि गंमत म्हणजे शिक्षा ठरवणाऱ्या स्टुअर्डांनाही ओळखावं लागत नाही. नियम साधा आहे, जबाबदारीनं चालवा, दुसऱ्याला धोका होईल असं चालवू नका. त्यात 'मुद्दाम' हा शब्द असायलाच पाहिजे असं नाही. सेपांगला निर्णय लाथेवर झालाच नाही. रेस डायरेक्शननं, म्हणजे रेस चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, म्हटलं की मार्केझ त्याला डिवचत होता, पण रॉसीनं जाणूनबुजून स्पीड कमी करून त्याला बाहेर नेलं, आणि ते चूक. तीन पेनल्टी पॉइंट. आधीचा एक मिसानोचा होता, तिथं क्वालिफाइंगमध्ये लॉरेन्झोच्या वाटेत आला होता, असे चार झाले आणि तेव्हाच्या नियमात चार झाले की पुढची रेस सगळ्यात मागून. व्हॅलेन्सियाला शेवटून सुटून चौथा आला, आणि चॅम्पियनशिप लॉरेन्झोला पाच पॉइंटनं गेली. ती रात्र मला आठवतीय, बायको म्हणाली जेवा, मी म्हटलं भूक नाही, ती म्हणाली कुणी गेलं का?

माझं मत विचारताय तर सांगतो. रॉसी त्या दिवशी रेस करतच नव्हता, वळण घ्यायचं सोडून मान वळवून मार्केझकडं बघत होता. ओव्हरटेक चांगला का वाईट हा प्रश्न दोघं वळण घेत असतील तर येतो. इथं एकानं वळण घेणंच थांबवलं होतं. मी रॉसीवाला असून सांगतोय, शिक्षा बरोबर होती. आता झोप लागेल का ठाण्याला?

आणि मुद्दाम म्हणजे काय ते बघायचं असेल तर मिसानो २०१८, मोटो-टू, म्हणजे मोटोजीपीच्या खालचा वर्ग. रोमानो फेनाटीनं दोनशेच्या वर स्पीड असताना, सरळ रस्त्यावर, शेजारच्या स्टेफानो मान्झीच्या गाडीचा पुढचा ब्रेक लिव्हर हातानं दाबला. वळण नाही, लाइनची भांडणं नाहीत, काही नाही, नुसता हात लांब करून दाबला. गाडी डगमगली, मान्झी कसाबसा वाचला. काळा झेंडा, मग दोन रेस बंदी, मग टीमनं करार मोडला, पुढच्या वर्षीचा करारही गेला. पण लोक विसरतात ते हे, की मान्झीलाही शिक्षा झाली, पुढच्या रेसला ग्रिडवर सहा जागा मागं, कारण त्याआधीच्या लॅप्समध्ये त्यानं फेनाटीला धक्के मारून बाहेर घातलं होतं. धक्क्याला धक्का हे चालतंय असं दोघांना वाटत होतं, एकाचा तोल सुटला.

ब्रेक लिव्हरवरून सांगायचं म्हणजे, आजकाल हँडलच्या टोकाला लिव्हरच्या पुढं ती वाकडी दांडी असते ना, पोरं पुण्या-मुंबईत स्टाइल म्हणून लावून फिरतात, ती याच्यासाठी असते. २००६ ला बार्सिलोनात स्टार्ट झाल्या झाल्या जिबरनावचा लिव्हर आपल्याच टीममधल्या कापिरोसीच्या गाडीला लागला, पुढचं चाक जाम झालं आणि गाडी कोलांटी मारून उडाली. नुसता घासला होता. दोन गाड्यांच्या मध्ये चार बोटं अंतर असतं त्या खेळात असले बारके टच काय करतात बघा, २०१३ ला अरागॉनला मार्केझचा पेद्रोसाला इतका हलका स्पर्श झाला की टीव्हीवर कळला पण नाही, पण त्यात पेद्रोसाच्या मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर तुटली, चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल गेलं, थ्रॉटल दिला आणि गाडीनं त्याला आकाशात फेकलं. मार्केझला एक पेनल्टी पॉइंट आणि होंडाचे कंपन्यांच्या यादीतले २५ पॉइंट कापले, कारण वायर उघडी ठेवली हा दोष गाडीचा पण होता.

प्रश्न : दादा, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, दोन वर्षं ट्रेनिंग करतोय, आता चेन्नई-कोइंबतूरच्या रेसेस खेळायच्या म्हणतो. त्याचे वडील खूश आहेत. मला भीती वाटते ती त्याच्या पडण्याची नाही, त्याला दुसरी मुलं पाडतील याची. किंवा तो कुणाला पाडेल याची. वेडेपणा आहे का हा? (एक आई, नाशिक)

ताई, वेडेपणा अजिबात नाही. तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय.

लहान गाड्यांच्या रेसमध्ये धोका वेगळा असतो. इंजिन छोटं, सगळ्यांच्या गाड्या सारख्या, म्हणून कुणी पळून जाऊच शकत नाही, पंधरा-वीस पोरं एका झुंडीत, एकमेकांच्या हवेत. तिथं पडणारा पोरगा बऱ्याचदा घसरून वाचतो, पण मागून येणाऱ्याला चुकवायला जागा नसते. २०२१ या एका वर्षात मुजेलोला एकोणीस वर्षांचा, अरागॉनला चौदा वर्षांचा आणि हेरेझला पंधरा वर्षांचा असे तीन रायडर गेले, तिन्ही वेळा पडल्यावर मागच्या गाडीचा मार लागून. आपल्याकडं ऑगस्ट २०२३ ला चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा असाच गेला. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, तुम्हाला कुणी 'काही होत नाही हो' म्हणून गप्प बसवू नये म्हणून सांगतोय. त्या २०२१ नंतर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मोटो-थ्रीचं, म्हणजे सगळ्यात लहान गाड्यांच्या वर्गाचं, किमान वय वाढवून २०२३ पासून अठरा केलं.

आणि २०२१ च्याच ऑक्टोबरात अमेरिकेत ऑस्टिनला जे झालं ते मुलाला शेजारी बसवून दाखवा. डेनिझ ओन्जू नावाचा तुर्की पोरगा सरळ रस्त्यावर, मागच्याला स्लिपस्ट्रीम मिळू नये म्हणून, आडवा सरकला. एवढंच. मागच्याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं, तो पडला, आणि त्याच्या पडलेल्या गाडीला मागचे दोघं धडकून हवेत उडाले. तिघंही चालत बाहेर आले हा चमत्कार. ओन्जूला दोन रेस बंदी. यात ओव्हरटेक करणाऱ्याची चूकच नव्हती, ज्याला ओव्हरटेक करत होते त्याची होती, हे मुलाला कळलं पाहिजे.

आता काय करायचं. तुम्ही एक दिवस त्याच्या प्रॅक्टिसला जा, वडिलांना घरी ठेवा. गाडी बघू नका, कोच बघा. एखादा पोरगा दुसऱ्याला घासून पुढं गेला की कोच काय म्हणतो? 'शाब्बास, दाखवलं ना त्याला' म्हणाला तर दुसरा कोच शोधा. आणि मुलगा एखादा पास अर्ध्यात सोडून देतो का बघा. आत शिरायला निघाला, अंदाज आला की होत नाही, आणि त्यानं ब्रेक धरून माघार घेतली, असं दिवसातून दोन-तीनदा केलं तर पोरगं रेसर होतंय. ज्याला माघार घेताच येत नाही तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या आईला फोन करायला लावणार. आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न 'कितवा आलास' हा विचारू नका एवढं त्याच्या वडिलांना सांगा, माझ्या नावावर सांगा, मी शिव्या खाईन.

प्रश्न : भावा आमचा ग्रुप आहे, रविवारी पहाटे पुण्यातनं ताम्हिणी, नाश्ता करून परत. परवा एकानं माझ्या आतून ब्लाइंड टर्नला पास मारला, टच नाही झाला. ग्रुपवर वाद चाललाय क्लीन होता का डर्टी. व्हिडिओ पाठवू का? (पुणे)

नको पाठवू.

मी वर जेवढं लिहिलं त्यातलं एक अक्षर ताम्हिणीला लागू नाही. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, आणि त्या वळणावरून तो रायडर त्या वीकेंडला पन्नासएक वेळा गेलेला असतो, कर्बचा खवला न् खवला त्याला पाठ. पडला तर खडी आहे, हवेच्या पिशव्या आहेत, झेंडेवाला आहे, अँब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी आहे. ताम्हिणीच्या त्या वळणापलीकडं काय असतं? माणगावची एसटी. पावसाळ्यात धबधब्याला थांबलेल्या गाड्या, दरवाजे रस्त्याच्या बाजूला उघडलेले, कुणीतरी मक्याचं कणीस घेऊन रस्ता क्रॉस करतंय. डांबरावर लाल मातीचा पातळ थर, ज्यावर तुमचे ते महागाचे टायर साबणावर उभं राहिल्यासारखे. त्यांना कुणाला तुमची रेस चाललीय हे सांगितलेलं नाही. क्लीन-डर्टी कसलं घेऊन बसलाय, एकाच लेनमध्ये ब्लाइंड वळणावर आतून जाणारा माणूस ग्रुपमधून काढून टाका, आणि तू त्याच्या पुढं कुठल्या स्पीडनं होतास ते मी विचारत नाही. हौस असेल तर पैसे गोळा करा, चेन्नई नाहीतर कोइंबतूरला ट्रॅक डे करा. एका वीकेंडला ट्रॅकवर गेलेला पोरगा रस्त्यावर आपोआप हळू चालवायला लागतो, हे मी निदान डझनभर जणांच्या बाबतीत बघितलंय.

प्रश्न : सगळ्यांना शहाणपण शिकवता, तुम्ही स्वतः कधी कुणाला पाडलंय का? खरं सांगा. (नाव नको, कोल्हापूर)

नाव नको म्हणालास तरी अक्षर ओळखलं.

हो, पाडलंय. वीसेक वर्षं झाली. तेव्हा आमच्याकडं डर्ट रेसचं वेड होतं, कुठल्या तरी तालुक्याच्या मैदानावर मातीचे ढीग घालून ट्रॅक करायचे, टँकरनं पाणी मारायचे, दहा-बारा हजार पब्लिक, झाडावर पोरं. आता बालेवाडीत २०२४ ला सुपरक्रॉसची लीग झाली, लाइट काय, कॅमेरे काय, आमच्याकडं एक कर्णा आणि त्याच्यावर घसा बसलेला अनाउन्सर. मी यामाहा आरएक्सवर. शेवटची लॅप, टेबलटॉपच्या, म्हणजे वरून सपाट ढिगाच्या, उडीनंतर उजवं वळण, बाहेरच्या बाजूला मातीचा उंच काठ. माझ्या पुढं एक जण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, चांगला चालवायचा, माझ्यापेक्षा चांगला चालवायचा हे आज म्हणतो.

डर्टमध्ये ब्लॉक पास म्हणून असतो, आतून जायचं आणि समोरच्याच्या लाइनवर आपली गाडी आडवी ठेवायची, म्हणजे त्याला थांबावंच लागतं. नीट केला तर चालतो, त्यात काही पाप नाही. मी नीट केला नाही. उडी जरा जास्तच झाली, खाली उतरलो तेव्हाच मला कळलं होतं की हे होत नाही, मागचा ब्रेक जाम करून गाडी घसरवली आणि तशीच त्याच्या अंगावर घातली. तो नसता तर मी त्या मातीच्या काठावरून थेट पब्लिकमध्ये गेलो असतो. त्याच्या पायावर माझा फुटपेग, त्याची गाडी काठावर चढून उलटी, आणि मी उभाच. पहिला आलो. हार घातला, दीड हजार रुपये आणि भलीमोठी ढाल मिळाली, अनाउन्सर म्हणाला 'काय डेअरिंग!' आणि मी हात वर करून फिरत होतो तेव्हा त्याला जीपमध्ये घालून नेत होते.

कॉलरबोन मोडलं होतं. संध्याकाळी दवाखान्यात गेलो, ढाल घरी ठेवून गेलो एवढी अक्कल होती. त्याचे वडील बाहेर बाकावर बसलेले, त्यांनी मला ओळखलं, काही बोलले नाहीत, थोडं सरकून बसायला जागा केली. ते बोलले असते तर बरं झालं असतं. आत गेलो तर हा हात गळ्यात बांधून पडलेला, मला बघून म्हणाला, 'तू तिथं वळणारच नव्हतास ना?' मी म्हटलं नव्हतो.

वर जी 'पुसून बघा'ची युक्ती सांगितली ती माझी नाही, याची आहे. आता त्याचा ट्रॅक्टरच्या पार्ट्सचा धंदा आहे, गॅरेजवर येतो, डाव्या खांद्यावर हाड जुळलंय तिथं शर्टातून पण उंचवटा दिसतो. चहा आला की खिशात हात घालत नाही, नुसता तो खांदा माझ्याकडं करून बसतो. वीस वर्षं झाली, अजून बिल मीच देतोय. प्रश्न पण त्यानंच पाठवलाय, अक्षर त्याचंच आहे.